एसजीपीटी वाढलंय म्हणजे लिव्हर खराब झालंय का?

रिपोर्ट हातात आला की नजर आधी ठळक छापलेल्या आकड्यावर जाते, आणि तो बहुधा एसजीपीटीचा असतो. मर्यादा 40, आकडा 68. चाचणीचं नाव 'लिव्हर फंक्शन' असलं, तरी एसजीपीटी आणि एसजीओटी हे लिव्हर किती काम करतंय ते सांगतच नाहीत. ही पेशींच्या आतली एन्झाइम्स आहेत. पेशींना इजा झाली की ती रक्तात झिरपतात. म्हणजे हा आकडा इजेचा आहे, कामाचा नाही.

काम बघायचं तर अल्ब्युमिन (लिव्हर बनवतं ते रक्तातलं प्रथिन), बिलिरुबिन (लिव्हर बाहेर टाकतं ते पिवळं द्रव्य) आणि पीटी-आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचा आकडा) बघा. आयएनआर लिव्हर फंक्शन टेस्टच्या (एलएफटी) नेहमीच्या यादीत बरेचदा नसतोच, वेगळा लिहून द्यावा लागतो. अल्ब्युमिनचं अर्धायुष्य सुमारे 20 दिवसांचं, त्यामुळे नुकत्याच झालेल्या हिपॅटायटिसमध्ये ते नॉर्मलच दिसतं. रक्त गोठवणारे काही घटक मात्र तासांच्या हिशेबात संपतात, म्हणून लिव्हर अचानक थकलं की आयएनआर आधी चढतो. व्हिटॅमिन के कमी असेल तरीही तो वाढतो. तेव्हा के चं इंजेक्शन दिल्यावर तो खाली येतो का, हे पाहतात.

मग वाढीचा पॅटर्न ओळखायचा. एसजीपीटी आणि अल्कलाइन फॉस्फटेज (पित्तनलिकांत आणि हाडांतही असणारं एन्झाइम), दोन्ही आपापल्या वरच्या मर्यादेच्या किती पट आहेत ते काढा आणि पहिल्याला दुसऱ्याने भागा. उत्तर 5 किंवा जास्त आलं तर मार लिव्हरच्या पेशींवर, 2 किंवा कमी आलं तर पित्ताच्या वाटेत अडथळा, मधलं आलं तर मिश्र. समजा एसजीपीटी 90, मर्यादा 45, म्हणजे 2 पट. फॉस्फटेज 480, मर्यादा 120, म्हणजे 4 पट. भागाकार 0.5. इथे हिपॅटायटिसच्या चाचण्यांआधी सोनोग्राफी करून पित्तनलिका फुगलीय का ते बघणं शहाणपणाचं. फक्त फॉस्फटेज वाढलं असेल तर जीजीटी (लिव्हरमध्ये असणारं, पण हाडांत नसणारं एन्झाइम) करून घ्या. जीजीटी नॉर्मल असेल तर ते बहुधा हाडांतून आलंय. वाढत्या मुलांमध्ये आणि गरोदरपणाच्या शेवटच्या तिमाहीत ते असंही जास्तच असतं.

एसजीओटी हे स्नायू, हृदय आणि तांबड्या पेशींतही असतं. जोरदार व्यायामानंतर काही दिवस ते वाढलेलं राहतं, आणि रक्त काढताना तांबड्या पेशी फुटल्या तरी आकडा फुगतो. शंका असेल तर सीपीके (स्नायूंचं एन्झाइम) बघा. एसजीओटी एसजीपीटीच्या दुपटीहून जास्त आणि दोन्ही साधारण 300 च्या आत असतील, तर दारूचा संशय घ्यावा. आकडे हजारांत गेले की यादी आखडते: तीव्र व्हायरल हिपॅटायटिस, पॅरासिटामॉलचा जास्त डोस, किंवा लिव्हरचा रक्तपुरवठा अचानक कमी होणं.

एकटं बिलिरुबिन वाढलंय, तेही 3 च्या आत, बहुतेक सगळं इनडायरेक्ट (लिव्हरने अजून प्रक्रिया न केलेलं) आणि हिमोग्लोबिन ठीक? मग बहुतेक वेळा तो गिल्बर्ट सिंड्रोम, म्हणजे एक निरुपद्रवी जन्मजात ठेवण असते. उपाशी राहिलं किंवा ताप आला की बिलिरुबिन वाढतं, पुन्हा उतरतं. औषध लागत नाही. उगाच दर महिन्याला तपासत बसू नका. डायरेक्ट (लिव्हरने प्रक्रिया केलेलं) वाढलेलं असेल तर मात्र त्याचं कारण शोधावंच लागतं.

सौम्य वाढीचं नेहमीचं कारण फॅटी लिव्हर, पण तेवढ्यावर थांबू नये. हिपॅटायटिस बी आणि सी च्या चाचण्या एकदा व्हाव्यात. घेत असलेल्या सगळ्या गोळ्या, काढे, चूर्णं आणि जिमचे सप्लिमेंट डॉक्टरांना दाखवावेत. 'नैसर्गिक' म्हणून सोडून दिलेल्या गोष्टीच पुष्कळदा कारण निघतात. स्टॅटिनवर (कोलेस्टेरॉलची गोळी) असताना तिपटीपर्यंतची, लक्षणं नसलेली वाढ सहसा गोळी बंद करण्याचं कारण नसते, त्यामुळे स्वतःहून बंद करू नका.

सगळ्यात जास्त फसवतो तो जवळपास नॉर्मल रिपोर्ट. सिरॉसिसमध्येही (व्रण पडून लिव्हर कडक होणं) एसजीपीटी मर्यादेत असू शकतं. त्यासाठी फिब-4 (लिव्हर कडक झाल्याचा अंदाज देणारा आकडा) काढतात: वय गुणिले एसजीओटी, भागिले प्लेटलेट (हजारांत) गुणिले एसजीपीटीचं वर्गमूळ. वय 52, एसजीओटी 64, एसजीपीटी 49, प्लेटलेट 1 लाख 60 हजार असतील, तर 3328 भागिले 1120, म्हणजे 2.97. 1.3 च्या खाली लिव्हर कडक झाल्याची शक्यता कमी, 2.67 च्या वर जास्त. 65 नंतर खालची मर्यादा 2 धरतात. इथे एसजीपीटी जेमतेम वाढलेलं, तरी या माणसाला फायब्रोस्कॅन (लिव्हरचा कडकपणा मोजणारी तपासणी) हवाच.

लक्षणं नसतील आणि वाढ दुपटीच्या आसपास असेल, तर दारू आणि नको ती औषधं टाळून काही आठवड्यांनी चाचणी पुन्हा करावी, शक्यतो त्याच लॅबमध्ये, कारण मर्यादा लॅबनुसार बदलतात. पण एसजीपीटी तिपटीवर आणि बिलिरुबिन दुपटीवर एकदमच गेलं असेल, किंवा काविळीसोबत गुंगी, असंबद्ध बोलणं, रक्तस्राव असं काही दिसलं, तर दुसऱ्या रिपोर्टची वाट न बघता त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा.