सुलूचं पाळण्यातलं नाव

माझ्याकडे एक पुस्तक आहे ज्याला कव्हर नाही. फाटलं नाही, हरवलं नाही, घेतलं तेव्हाच नव्हतं. ९३-९४ साल असेल, कॉलेजात होतो, हुतात्मा चौकात फूटपाथवर जुन्या पुस्तकांच्या थप्प्या लागायच्या त्यातल्या एका थप्पीत खालून तिसरं. ओढून काढताना वरची सगळी थप्पी कलंडली आणि पुस्तकवाल्याने असं काही बघितलं की आता घेतल्याशिवाय सुटका नाही हे कळलं. वीस म्हणाला, पंधराला दिलं. लोकलमध्ये उघडलं तर सुरुवातीलाच बारीक अक्षरात छापलेलं, की हे पुस्तक तुम्ही बिनकव्हरचं घेतलं असेल तर हा चोरीचा माल आहे, प्रकाशकाकडे याची नोंद 'विकलं गेलं नाही, नष्ट केलं' अशी आहे. अमेरिकेत पद्धतच होती, पेपरबॅक खपलं नाही की दुकानदार नुसतं कव्हर फाडून परत पाठवायचा, त्यावर पैसे वळते करून घ्यायचा, आणि उरलेलं पुस्तक त्याने लगद्याला घालायचं. माझं लगद्याला जायच्या वाटेवर कुठे वळलं आणि मुंबईला कसं आलं देव जाणे.

म्हणजे कागदोपत्री मेलेलं पुस्तक. आणि आतली जी गोष्ट आहे ना, तीसुद्धा कागदोपत्री घडलेली नाही.

पुस्तक म्हणजे स्टार ट्रेक या अमेरिकन अंतराळ-मालिकेवरची कादंबरी, कंपनीच्या परवानगीने लिहिलेली, टाय-इन म्हणतात तसली, 'द एन्ट्रॉपी इफेक्ट', मूळची १९८१ची, लेखिका व्होंडा मॅकिन्टायर. मालिका आम्ही ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर रविवारी सकाळी बघायचो, मी आणि दादा. इंग्लिश निम्मं डोक्यावरून जायचं, पण परग्रही स्पॉकचे कान आणि माणसं चमचमत अदृश्य होतात हे समजायला भाषा लागत नाही. त्यामुळे पुस्तकात कॅप्टन कर्क चक्क मरतो, स्वतःच्या जहाजावर, सगळ्यांसमोर, आणि मग स्पॉक काळात मागे जाऊन ते टाळायचा प्रयत्न करतो, हे वाचून मी डोंबिवलीला उतरायचं विसरलो आणि कल्याणला जाऊन परत आलो. घरी पुस्तकाला खाकी कव्हर घातलं, वर शाळेतलं उरलेलं लेबल चिकटवलं, आणि परीक्षा जवळ होती म्हणून विषयाच्या रकान्यात 'इतिहास' लिहून टाकलं. आईने कधी विचारलं नाही.

दादाने विचारलं. दादा चाळून म्हणाला, हे कधी झालं? म्हटलं, पुस्तकात झालंय. तो म्हणाला, मग नाही झालं.

पुढे कळलं की दादाने न वाचता जे सांगितलं तोच तिकडचा अधिकृत नियम आहे. पडद्यावर दिसलं ते कॅनन, म्हणजे अधिकृतपणे खरं, पुस्तकात छापलं ते नाही, मग पुस्तकावर कंपनीचा शिक्का का असेना. म्हणजे कंपनी परवानगी देते, मजकूर तपासते, पैसे घेते आणि वर म्हणते की यातलं काही खरं नाही. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी तर मालिकेचा जनक जीन रॉडनबरी यांच्या ऑफिसने इतका कडक चष्मा लावला होता की लेखक मंडळी वैतागलेली. कर्कला मारायचं तर शेवटी जिवंत करायचं, लग्न लावायचं तर मोडायचं. लग्नाचा हॉल भाड्याने घेतो ना तसं, दिवसभर काय धिंगाणा घालायचा तो घाला, रात्री खुर्च्या होत्या तशा लावून किल्ली परत द्या. बऱ्याच चाहत्यांची सगळ्यात मोठी तक्रार हीच असते. शेवट आधीच माहीत, मग वाचायचं कशाला?

मला विचाराल तर सुलूसाठी.

मूळ मालिका तीन सीझन चालली, १९६६ ते ६९, एकोणऐंशी भाग, आणि एवढ्या सगळ्यात जहाज चालवणारा सुलू नुसता मिस्टर सुलू. आपल्या ऑफिसात एखादे कुलकर्णी असतात, तीस वर्षं शेजारच्या टेबलावर बसतात आणि रिटायरमेंटच्या दिवशी हारावरच्या चिठ्ठीत वाचून कळतं की अरे यांचं नाव मनोहर होय, तसं. आता कादंबरीत या सुलूचं जहाजावरच्या एका अधिकारी बाईशी जुळतं. ती त्याला एकांतात काय मिस्टर सुलू म्हणणार? तर मॅकिन्टायरबाईंनी त्याचं बारसं करून टाकलं. हिकारू. जपानीत त्याचा अर्थ तेजाशी, चमकण्याशी जाणारा, आणि नाव घेतलं ते हजार वर्षं जुन्या गेंजीच्या कथेच्या नायकावरून. टाय-इन लिहिणारे म्हणजे पाट्या टाकणारे असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी सांगतो, या बाईंना ह्यूगो आणि नेब्युला दोन्ही मिळालेली होती, हे पुस्तक लिहायच्या आधीच.

मग दहा वर्षांनी, १९९१च्या सहाव्या सिनेमात, सुलू स्वतः कॅप्टन झालेला आहे आणि ते नाव पहिल्यांदा पडद्यावर उच्चारलं गेलं. हिकारू. झालं कॅनन! जे दहा वर्षं खोटं होतं ते एका वाक्यात खरं. जहाजावरच्याच उहुराचंही तेच, न्योटा हे नाव एका पुस्तकात १९८२ पासून होतं, पडद्यावर यायला २००९ उजाडलं, आणि त्या सिनेमात कर्क अर्धा वेळ तिला नाव विचारत फिरतो आणि ती सांगत नाही. थिएटरात मी मनातल्या मनात म्हणत होतो, अरे मला विचार.

सगळी पुस्तकं चांगली होती असं मी अजिबात म्हणणार नाही. दर महिन्याला नवीन पुस्तक काढायचं म्हटल्यावर भरताड निघणारच, अशीही वाचली आहेत ज्यात नुसती नावं बदलली तर कुठल्याही जहाजाला चालली असती. पण मधूनच एखादा जॉन एम. फोर्ड निघतो. त्याची १९८४ची 'द फायनल रिफ्लेक्शन', तिच्यात परग्रहावरचे क्लिंगॉन लोक, जे तोवर मालिकेत नुसते मिशीवाले दुष्ट, त्यांची अख्खी आतली दुनिया, त्यांचे घराण्यांचे हिशोब, त्यांचा बुद्धिबळासारखा खेळ, आणि कर्क-स्पॉक जवळपास नाहीतच. टीव्हीने पुढे क्लिंगॉनांना वेगळ्याच वाटेला नेलं, ऊठसूट मान-अपमान आणि तलवारी. पण आजही जुने चाहते हटून बसतात की फोर्डचे तेच खरे, टीव्हीवरचे ते तोतये. पुस्तकाला खरं आणि टीव्हीलाच खोटं म्हणणारा हा पंथ मला फार आवडतो, पानिपतानंतरच्या भाऊसाहेबांच्या तोतयाची आठवण येते, फक्त इथे तोतयाच गादीवर बसलाय.

याच्या उलट कंपूही आहे, दादाचा. त्यांचं म्हणणं साधं असतं, हजार पुस्तकं कोण वाचणार, कुठेतरी रेघ ओढायला हवी. यात तथ्य आहे हे मी दादासमोर कबूल करत नाही. मी त्याला महाभारत काढून दाखवतो. भांडारकर संस्थेने १९१९ला चिकित्सक आवृत्तीचं काम हाती घेतलं ते १९६६ला पुरं झालं, हजारावर हस्तलिखितं पडताळून पंडितांनी क्षेपक कुठलं आणि मूळ कुठलं ते लावलं, आणि गणपती व्यासांचा लेखनिक झाला ती गोष्ट गेली परिशिष्टात. म्हणून काय आपण सांगायची थांबलो? आणि जांभूळ आख्यान? द्रौपदीच्या मनात कर्ण होता हे व्यासांनी कुठेही लिहिलेलं नाही, पण विठ्ठल उमप ते उभं करायचे तेव्हा हे क्षेपक आहे हो म्हणून कुणी उठून गेलं असेल असं मला वाटत नाही. दादा म्हणाला, महाभारत आणि तुझा सुलू एकाच पंगतीत बसवतोस? म्हटलं, पंगतीत नाही रे, पण मांडव तोच.

असो. खरी मजा आली ती टीव्हीवाले घरी नसताना. 'डीप स्पेस नाइन' ही ट्रेकचीच पुढची एक मालिका १९९९ला संपली आणि २००१ पासून पुस्तकांनी ती गोष्ट स्वतःच पुढे चालवायला घेतली. त्याच मालिकेत गॅरॅक नावाचा शिंपी आहे, शिंपी म्हणजे हद्दपार झालेला हेर, त्याचं काम करणारे अँड्र्यू रॉबिन्सन चाहत्यांच्या मेळाव्यात गॅरॅकची डायरी म्हणून काहीबाही लिहून वाचून दाखवायचे, त्याचीच पुढे कादंबरी झाली, २०००ची 'अ स्टिच इन टाइम'. चाहत्यांचं एकमत फार थोड्या गोष्टींवर होतं, त्यातली ही एक. अरे ज्याने सात वर्षं तो माणूस अंगावर वागवला त्याने लिहिलंय, त्याला कसं सांगणार की हे खरं नाही?

आणखी एका ट्रेक मालिकेतला कॅप्टन पिकार्ड, त्याचंही तसंच. २००२च्या सिनेमानंतर पडद्यावर त्याचं काही येईना, तर पुस्तकवाल्यांनी किल्ली परत द्यायचं बंदच केलं. पिकार्डचं डॉक्टर बेव्हर्ली क्रशरशी लग्न लावलं, मुलगा झाला, रेने ठेवलं त्याचं नाव. माणसं मेली ती मेलेलीच राहिली, बढती मिळाली ती टिकली, आणि एका पुस्तकातल्या युद्धाची जखम पाच पुस्तकांनंतरही ठसठसायची. जवळपास वीस वर्षं आम्ही दोन-चार हजार पानं त्या घरात राहिलो असू. आणि २०२०ला टीव्हीवर नवीन मालिका आली, पिकार्ड म्हातारा, द्राक्षाच्या मळ्यात एकटा. बायको नाही, पोर नाही.

स्टार वॉर्सवाल्यांनी असं झालं तेव्हा, २०१४ला, सरळ एक घोषणा करून जुन्या कादंबऱ्यांवर 'लेजेंड्स' असा शिक्का मारला, आणि मग त्यातलाच निळ्या चेहऱ्याचा सेनापती थ्रॉन लोकांना हवाय म्हटल्यावर परत बोलावला. ट्रेकच्या लेखकांनी मात्र २०२१च्या शेवटी 'कोडा' नावाची तीन भागांची कादंबरी काढून सगळं रीतसर आवरलं. त्यात असं निघतं की पुस्तकांचं हे विश्व म्हणजे काळाला फुटलेली एक भलतीच फांदी आहे आणि बाकीचं सगळं वाचवायचं तर ती कधी फुटलीच नव्हती असं करावं लागेल. म्हणजे कॅननचा नियमच खलनायक म्हणून गोष्टीत आणला. आणि आपली माणसं, सगळं माहीत असून, ते करतात. काही चाहते ढसाढसा रडले, म्हणाले असा मानाचा निरोप कुणाला मिळतो. बाकीचे भडकले, की एवढी माणसं मारायची गरज काय होती, गोष्ट तशीच सोडली असती तर आमच्या डोक्यात चालू राहिली असती. कल्पना भारी होती हे मान्य, पण मी दुसऱ्या पार्टीचा. दुकान बंद करायचंय तर शटर ओढा की, गिऱ्हाइकांना आत घेऊन आग लावायला कुणी सांगितलंय?

कव्हर नसलेलं पुस्तक अजून कपाटात आहे. खाकी कागद दोनदा बदलला, लेबल तेच, कोपरा उंदराने खाल्लेला.

आणि मग २०२३ला 'पिकार्ड'चा तिसरा सीझन आला. सकाळी उठलो तर दादाचा व्हॉट्सॲप, तो आता पुण्याला असतो, रात्री जागून बघतो.

'बघितलंस का? पिकार्डला मुलगा आहे. बेव्हर्लीचा!!'

मी लिहिलं, 'आमच्याकडे केव्हाच झाला. बारशाच्या घुगऱ्यासुद्धा खाऊन झाल्या.'

बराच वेळ नुसतं टायपिंग टायपिंग दिसत होतं.

'नाव काय ठेवलं होतं?'

'रेने.'

'इथे जॅक आहे.'

'पाळण्यातलं वेगळं असतं,' मी म्हटलं.