बझर कधी उघडायचा?

मी टीव्हीवरच्या एका प्रश्नमंजूषेसाठी प्रश्न लिहिते. लोकांना वाटतं, प्रश्न शोधण्यातच सगळा घाम जात असेल. तसं नाही, शोधणं त्यातल्या त्यात सोपं. प्रश्न असा बांधावा लागतो की सूत्रसंचालक वाचत असताना तो कुठेही तुटला तरी खोटा पडू नये, आणि खरा वेळ त्यात जातो. कारण आमच्याकडे आजवर प्रश्न चालू असतानाच बझर दाबता येत होता.

पुढच्या पर्वात प्रश्न पूर्ण वाचून झाल्यावरच बझर उघडावा, असा प्रस्ताव आला. सोबत आणखी दोन बदल होते, ते नंतर सांगते. निर्मातीने नेहमीच्या काही प्रेक्षकांना स्टुडिओत बोलावून घेतलं आणि नियम समजावून सांगायला मला पुढे केलं. अशा बैठकीत निर्णय आधीच झालेला असतो, हे या धंद्यातल्या सगळ्यांना ठाऊक असतं. पाहुण्यांना ते कुणी सांगत नाही.

आधी थोडं माझ्या कामाचं. आमच्या खोलीत ज्याला 'उतरंड' म्हणतात त्या प्रश्नात सगळ्यात अवघड दुवा आधी येतो आणि सगळ्यात ओळखीचा शेवटी. उदाहरणार्थ: 'याला स्वतःभोवती एक फेरी मारायला सूर्याभोवतीच्या फेरीपेक्षा जास्त वेळ लागतो; बुधापेक्षा सूर्यापासून लांब असूनही याचा पृष्ठभाग बुधापेक्षा जास्त तापतो; पहाटे किंवा संध्याकाळी दिसणारा हा सर्वांत तेजस्वी ग्रह कोणता?' उत्तर शुक्र. पहिल्या दुव्यात मी 'दिवस' हा शब्द मुद्दाम टाळला आहे. शुक्र स्वतःभोवती साधारण 243 पृथ्वी-दिवसांत एकदा फिरतो आणि त्याचं वर्ष साधारण 225 दिवसांचं असतं. पण तो उलटा फिरत असल्यामुळे तिथे एका सूर्योदयापासून पुढच्या सूर्योदयापर्यंत साधारण 117 दिवसच जातात. 'याचा दिवस वर्षापेक्षा मोठा' असं लिहिलं असतं तर जाणकार प्रेक्षकाने आम्हाला धारेवर धरलं असतं, आणि ते योग्यच झालं असतं. 'ग्रह' हा शब्दही मी शेवटच्या दुव्यापर्यंत येऊ देत नाही. एवढी कारागिरी कशासाठी, तर ज्याला जास्त माहीत आहे त्याने आधी बझर दाबावा म्हणून.

आमच्याकडे एक सहकारी 'ऑस्ट्रेलियाची राजधानी कॅनबेरा, तर न्यूझीलंडची कोणती?' असले प्रश्न लिहितो. स्पर्धक मधेच दाबून 'कॅनबेरा' म्हणतो, चूक ठरतो, आणि याला त्यात गंमत वाटते. त्याला मी सापळा म्हणते. त्यात ज्ञान तपासलं जात नाही, धीर तपासला जातो.

बैठकीत तोंडी वाद घालण्यापेक्षा खेळूनच पाहू, असं ठरलं. तीन प्रेक्षक डेस्कमागे उभे राहिले: कॉलेजात शिकणारा एक मुलगा, बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ आणि चश्मा डोक्यावर सरकवलेल्या एक मावशी. आधी जुना नियम. शुक्राचा प्रश्न सुरू झाला आणि 'फेरीपेक्षा जास्त वेळ' एवढं ऐकताच मुलाने दाबला. बरोबर! टाळ्या पडल्या. मावशी मात्र वैतागल्या. "अहो, मला तर ग्रहाचं चाललंय की उपग्रहाचं, हेही कळलं नव्हतं. घरी रोज हेच होतं. कुणीतरी टकटक करतो आणि माझा प्रश्न अर्धाच राहतो. मी काय ह्या मुलाशी खेळायला टीव्ही लावते का? मी तुमच्या प्रश्नाशी खेळते."

हे मला अगदी माहीत नव्हतं असं नाही. अमेरिकेतल्या 'जेपर्डी!' या टीव्ही प्रश्नमंजूषेत सुरुवातीला प्रश्न वाचला जात असतानाच बझर दाबता येत असे. 1985 मध्ये तो नियम बदलला, आणि घरच्या प्रेक्षकालाही सोबत खेळता यावं हे त्यामागचं एक कारण होतं. कागदावर वाचलेलं कारण समोर उभं राहून रागावतं, तेव्हा ते वेगळं लागतं.

मग नवा नियम. कंट्रोल रूममध्ये आमचा एक माणूस हेडफोन लावून बसतो. सूत्रसंचालकाचा शेवटचा शब्द संपला की तो एक कळ दाबतो, डेस्कच्या कडेची पट्टी उजळते आणि बझर उघडतो. त्याआधी दाबलात तर तुमचा बझर पाव सेकंद बंद. पाव सेकंद म्हणजे काहीच नाही असं वाटतं, पण दिवा दिसून बोट हलायलाच साधारण तेवढा वेळ लागतो. म्हणून मुरलेले खेळाडू दिव्याची वाट पाहत नाहीत. ते वाचणाऱ्याची लय पकडतात.

प्रश्न होता पाऱ्याचा. 'अणुक्रमांक 80, याच्या मिश्रधातूंना अमाल्गम म्हणतात, जुन्या काचेच्या तापमापकात दिसणारा हा द्रव धातू कोणता?' पट्टी उजळली आणि बझर लागला बँकवाल्या काकांचा. मुलगा लालबुंद. "मला ऐंशीला माहीत होतं! काका, तुम्हाला कधी कळलं?" काका प्रामाणिक निघाले. "तापमापकाला," म्हणाले. मुलगा माझ्याकडे वळला. "मॅडम, म्हणजे आता मी काकांशी खेळत नाही आणि प्रश्नाशीही खेळत नाही. मी आतल्या त्या दादांच्या बोटाशी खेळतोय."

माझ्याकडे उत्तर नव्हतं. दोघेही बरोबर बोलत होते आणि दोघांचं एकाच नियमात बसत नव्हतं. जुन्या नियमात प्रेक्षकाचा प्रश्न मरतो. नव्या नियमात पहिल्या दुव्यावर ओळखणारा आणि शेवटच्या दुव्यावर ओळखणारा एकाच ओळीत येऊन उभे राहतात, आणि निकाल बोटावर लागतो. मुलाच्याच बाजूने कुणीतरी 'कौन बनेगा करोडपती'चा दाखला दिला: तिथेही 2021 मध्ये फास्टेस्ट फिंगर फर्स्टमध्ये एकाऐवजी तीन प्रश्न केले, म्हणजे एका झटक्यावर सगळं जाऊ नये. मुद्दा चांगला होता. निर्माती घड्याळ बघत होती.

उरलेले दोन बदल. चुकीच्या उत्तराचे गुण कापू नयेत, यावर फारसं कुणी भांडलं नाही. एवढंच निघालं की मग सगळे अंदाजपंचे दाबत सुटतील. विजेत्याने किती वेळा परत यावं, यावर मात्र खडाजंगी झाली. एकच चेहरा रोज कोण बघणार, असा बहुतेकांचा सूर. मी त्यांना सांगितलं, 'जेपर्डी!'ने 2003 मध्ये पाच विजयांची मर्यादा उठवली, पुढच्याच वर्षी केन जेनिंग्जने सलग 74 सामने जिंकले, आणि त्या काळात प्रेक्षक वाढले. कुणाला पटलं नाही. नियम बदलताना लोकांना आकडे नको असतात, बदलामागचं कारण डोळ्यांना दिसावं लागतं. 2020 मध्ये कोरोनामुळे स्टुडिओत प्रेक्षक नव्हते म्हणून केबीसीतला ऑडियन्स पोल गेला. ते समजावून सांगायची गरजच पडली नाही, रिकाम्या खुर्च्या समोर दिसत होत्या.

चहाच्या सुमारास बँकवाले काका माझ्याजवळ आले. हातात आमच्याच कार्यक्रमपत्रिकेचा पाठकोरा कागद, त्यावर रकाने आखलेले. त्यांची योजना अशी: बझर पहिल्या शब्दापासून उघडा ठेवा, पण गुपचूप. स्पर्धकाने दाबलं की त्याचं उत्तर त्याच्या पडद्यावर टिपलं जाईल आणि कुलूपबंद होईल. दिवा नाही, आवाज नाही, वाचन थांबणार नाही. पहिल्या दुव्यावर टिपलेल्या बरोबर उत्तराला जास्त गुण, शेवटच्या दुव्यावर कमी. प्रश्न संपला की तिघांची उत्तरं उघडायची. "मुलाचं ज्ञान मोजलं जाईल," ते म्हणाले, "आणि ताईंचा प्रश्नही पुरा होईल." स्वतः नव्या नियमाने जिंकलेला माणूस हे सांगत होता.

मी तो कागद थेट तांत्रिक विभागाकडे नेला. होण्यासारखं आहे, म्हणाले; स्पर्धकांसमोर पडदे तसेही असतातच. निर्मातीने कागद नीट वाचला, हे तिच्या बाजूने सांगायला हवं. मग म्हणाली, "आणि दाबल्यावर बाकी दोघांचे चेहरे पडतात ते कधी दाखवणार? तो क्षण गेला तर उरतं काय? परीक्षा." दिग्दर्शकाने मान डोलावली. तो नेहमीच डोलावतो. प्रश्न पूर्ण वाचला की प्रत्येक फेरीची लांबी आधी ठरवता येते, संकलन सोपं होतं, हे नव्या नियमामागचं खरं कारण. ते बैठकीत कुणी उच्चारलं नाही आणि प्रेक्षकांना पाठवलेल्या आभारपत्रातही नव्हतं. त्यात लिहिलं होतं: 'आपल्या सूचनांचा आदर करून.'

मला अजून ठरवता येत नाही की निर्माती चुकली का. पडलेला चेहरा बघायला मीही टीव्हीसमोर बसतेच. पण काकांच्या रकान्यांत काय खोट आहे, ते शोधूनही सापडलेलं नाही. एकच शंका येते: गुण असे उतरत गेले तर कुठला दुवा कुठे संपतो यावर रोज तक्रारी येतील, आणि निवाडा करायला मलाच बसवतील.

नव्या पर्वाचे प्रश्न लिहायला घेतलेत. उतरंड सुटत नाही, अवघड दुवा अजून आधीच येतो. नव्याने लागलेली एक मुलगी माझे प्रश्न तपासते. तिने समासात लिहिलं, 'बझर शेवटीच उघडणार, मग हा क्रम कशाला?' मी तिला मावशींचं सांगितलं: घरी बसलेलं कुणीतरी पहिल्या दुव्यावरच ओळखेल आणि पुढचे दोन दुवे आपलं उत्तर बरोबर निघतंय हे ऐकण्यात घालवेल. तिला ते पटलेलं नाही. प्रश्न लांबतो, असं तिचं म्हणणं.