दोन दगडांवर पाय? तुम्ही विचारलंत म्हणून

जून आला, शाळा सुरू झाली की ग्राउंडच्या कडेला कुणाची तरी आई गाडी स्टँडला लावून थांबलेली असते आणि प्रश्न ठरलेला, मॅडम, ही खो-खो पण खेळते आणि लांब उडी पण करते, दोन दगडांवर पाय कशाला, एक काहीतरी सोडायला सांगा ना तिला. वीस वर्षं झाली, हा प्रश्न ऐकतेय. दरवेळी मी जॅकी जॉयनर या अमेरिकन ॲथलीटचं नाव घेते आणि तेवढ्यात शिट्टी वाजवायची वेळ होते, गोष्ट अर्धीच राहते. म्हणून आज बसून लिहिते.

जॅकी 1962 ची, अमेरिकेत इलिनॉय राज्यातल्या ईस्ट सेंट लुईसची, घरची परिस्थिती बेताची. ऑलिंपिकमुळे तिला जग ओळखतं पण 1980 मध्ये ती लॉस एंजेलिसला यूसीएलए या विद्यापीठात शिकायला गेली ती बास्केटबॉलच्या स्कॉलरशिपवर, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. त्याआधी आठच वर्षं, म्हणजे 1972 मध्ये, तिकडे टायटल नाइन नावाचा कायदा झाला होता, सरकारी पैसा घेणाऱ्या कॉलेजांना मुलींना डावलता येणार नाही असा, नाहीतर एवढ्या मोठ्या कॉलेजने एका मुलीला खेळावर शिकवलं असतं का, मला शंकाच आहे.

कोच बिली मूर यांच्या टीममध्ये ती पहिल्याच वर्षापासून फॉरवर्डला, म्हणजे पुढच्या फळीत, सुरुवातीच्या पाच जणींत. हिवाळाभर बास्केटबॉल, तो संपला की ट्रॅक. आणि त्याच पहिल्या वर्षी, जानेवारी 1981 मध्ये, घरून फोन आला की आईला मेंदूज्वर झालाय. आई गेलीच. चाळिशीसुद्धा गाठली नव्हती त्या बाईने. मी हे मुलींना सांगते तेव्हा इथे मला थांबावंच लागतं, कारण अठरा वर्षांची पोर, घरापासून हजारो मैल लांब, आणि ती परत येऊन प्रॅक्टिसला उभी राहते.

त्या दिवसांत तिथला एक असिस्टंट ट्रॅक कोच तिच्याशी आपुलकीने बोलला, त्याचीही आई लवकर गेली होती. बॉब कर्सी. (पुढे 1986 मध्ये दोघांचं लग्न झालं.) त्याच्या लक्षात आलं की ही मुलगी नुसती लांब उडीची नाही, तिला हेप्टॅथलॉन करायला हवं. हेप्टॅथलॉन म्हणजे दोन दिवसांत सात प्रकार आणि सगळ्यांच्या गुणांची बेरीज, 100 मीटर हर्डल्स, उंच उडी, गोळाफेक, 200 मीटर, दुसऱ्या दिवशी लांब उडी, भालाफेक आणि शेवटी जीव काढणारी 800 मीटर. पण प्रत्येक कोच तिला आपापल्या बाजूला ओढत होता, तेव्हा कर्सी वरिष्ठांकडे गेला आणि म्हणाला, हिच्या कोचिंगचं काम माझ्याकडे द्या, नाहीतर मी नोकरी सोडतो. पालकांनो, खरं सांगू, माझ्या मते सगळी गोम इथेच आहे. दोन खेळांनी मुलगी थकत नाही, दोन सर एकमेकांशी बोलत नाहीत ना, त्याने थकते. बाकी बास्केटबॉलच्या ले-अपला, म्हणजे बास्केटजवळ धावत जाऊन चेंडू टाकताना, एका पायावर वर उठणं आणि लांब उडीत फळीवरून उडी घेणं यांचं नातं जवळचंच आहे, एकाची मेहनत दुसऱ्याला लागू पडते. 1982 आणि 1983, दोन्ही वर्षी ती हेप्टॅथलॉनची कॉलेज चॅम्पियन झाली आणि दोन्ही वर्षी यूसीएलएच्या मुलींनी टीमचंही विजेतेपद घेतलं.

सगळं एकदम जमलं असंही नाही हं. 1984 चं ऑलिंपिक तिच्याच शहरात होतं म्हणून 83-84 चा बास्केटबॉल सीझन तिने बाजूला ठेवला. तिकडे याला रेडशर्ट म्हणतात, एक वर्ष खेळायचं नाही पण खेळण्याचा हक्क पुढे शाबूत राहतो. आणि ऑलिंपिकला हेप्टॅथलॉनच्या वेळी मांडीचा मागचा स्नायू दुखावलेला, पट्टी बांधलेली. लांब उडीत पहिल्या दोन उड्या फाउल. तिसरी जपून मारली, 6.11 मीटर, तिच्या मानाने खूपच कमी. शेवटची 800 मीटर पळताना तिचा भाऊ अल मैदानात कडेने धावत ओरडत होता, हात जोरात हलव जॅकी, हात हलव! ती 6385 गुणांवर थांबली आणि ऑस्ट्रेलियाच्या ग्लिनिस नन हिचे झाले 6390. पाच गुण! लांब उडीच्या हिशेबात दोन-तीन सेंटीमीटर, म्हणजे माझी दोन बोटं. त्याच संध्याकाळी अलने तिहेरी उडीचं सुवर्ण जिंकलं आणि ती रडली, पण तिने भावाला सांगितलं की मी हरले म्हणून नाही, तू जिंकलास म्हणून रडतेय.

आणि मग ती परत आली. ऑलिंपिकचं रौप्य मिळवलेली मुलगी पुन्हा कॉलेजच्या बास्केटबॉल टीममध्ये, 84-85 चा राहिलेला सीझन खेळायला! मला तिच्या पुढच्या सगळ्या पराक्रमांपेक्षा, अगदी 1988 च्या सोल ऑलिंपिकमधल्या हेप्टॅथलॉनच्या 7291 गुणांच्या अजून न मोडलेल्या विश्वविक्रमापेक्षाही, हे परत येणं जास्त आवडतं. कॉलेजात बास्केटबॉलचे तिचे एकूण 1167 पॉइंट झाले, आणि 1985 मध्ये ब्रोडरिक कप मिळाला, वर्षातल्या सर्वोत्तम महिला कॉलेज खेळाडूला तेव्हा देत असत तो.

एक गोष्ट मात्र मुलींनी तिच्याकडून घेऊ नये असं मला मनापासून वाटतं. कॉलेजच्या पहिल्या वर्षीच तिला दमा असल्याचं कळलं होतं आणि तिने ते कोचपासून लपवून ठेवलं, आपल्याला पळू देणार नाहीत या भीतीने. किती धोक्याचं आहे हे.

तर तुमच्या मुलीचं. दिवाळीपर्यंत खो-खो जास्त आणि उडी आठवड्यातून दोनदाच, स्पर्धा झाल्या की उलटं, आणि खो-खोच्या सरांशी मी स्वतः बोलते. शनिवारी सकाळी साडेसहाला तिला घेऊन या. आणि पळताना धाप लागते का, छातीत घरघर होते का, तेवढं घरी शांतपणे विचारून ठेवा, मला विचारलं तर त्या नाहीच म्हणतात.