सोसेकींच्या घरातला गुरुवार

लेखकाचं टेबल, चष्मा, दौत बघायला माणसं का जातात, याचं धड उत्तर माझ्याकडे नाही. पण मी जातो. तोक्योत वासेदा स्टेशनपासून थोडं चालत गेलं की एका शांत गल्लीत जपानी कादंबरीकार नात्सुमे सोसेकींचं स्मारक-संग्रहालय लागतं. १९०७ ते १९१६, म्हणजे अगदी मरेपर्यंत, ते याच जागेवर राहिले. तेही भाड्याच्या घरात. ज्या माणसाचा चेहरा पुढे १९८४ पासून वीस वर्षं हजार येनच्या नोटेवर छापला गेला, तो शेवटपर्यंत दर महिन्याला भाडं मोजत होता.

घर मात्र आता नाही. १९४५च्या बॉम्बहल्ल्यात ते जळून गेलं. २०१७मध्ये नवी काचेची इमारत उभी राहिली आणि तिच्या पोटात सोसेकींची अभ्यासिका, बैठकीची खोली आणि बाहेरचा व्हरांडा जसाच्या तसा पुन्हा बांधला. गालिचा, त्यावर बसकं मेज, शेजारी शेगडी, आणि चहूकडे पुस्तकंच पुस्तकं. कपाटात मावली नाहीत ती जमिनीवर ढिगाने. आवराआवर करून ठेवण्याचा मोह टाळला, याबद्दल मी मांडणाऱ्यांना मनातल्या मनात नमस्कार केला. आपल्याकडे स्मारक केलं की पहिलं काम म्हणजे लेखकाची खोली झाडून-पुसून लख्ख करणं.

ही पुस्तकं अस्सल नाहीत. खरी पुस्तकं सेंदाईला, तोहोकू विद्यापीठात आहेत. ती बघून इथल्या प्रतिकृती केल्या. तिकडे ती गेली, म्हणूनच वाचली. सोसेकींचे शिष्य कोमिया तोयोताका युद्धाच्या काळात तिथल्या ग्रंथालयाचे प्रमुख होते, आणि हल्ल्याच्या आधीच गुरूंचा संग्रह त्यांच्याकडे रवाना झाला होता. हे कळल्यावर नकली पुस्तकांचा राग यायचं काही कारण उरत नाही.

शिष्य म्हटलं खरं, पण तशी रीतसर शाळा नव्हती. झालं असं की सोसेकींकडे येणाऱ्यांची रीघ इतकी वाढली की लिहायला वेळ उरेना. मग ठरलं, ज्याला यायचं त्याने गुरुवारी दुपारी तीननंतर यावं. हा गुरुवार या घरात येण्याआधीच सुरू झाला होता, इथे तो चांगला मुरला. शेवटच्या दिवसांत, पुढे मोठा कथाकार झालेला, विशीतला अकुतागावाही येऊ लागला. त्याची ‘नाक’ ही कथा वाचून सोसेकींनी १९१६च्या फेब्रुवारीत त्याला कौतुकाचं पत्र धाडलं. नव्या पोराचं लेखन त्याच महिन्यात वाचून लगेच पत्र टाकणारा ज्येष्ठ लेखक ही जात दुर्मीळच. आणि तब्येत म्हणाल तर पोटातल्या अल्सरने बेजार. त्याच वर्षाच्या डिसेंबरात ते गेले. वर्तमानपत्रात रोज येणारी कादंबरी अर्धीच राहिली.

मला मात्र सगळ्यात आवडतं ते मांजर. त्याच्या तोंडून सांगितलेल्या कादंबरीने सोसेकींना नाव मिळवून दिलं, पण त्या मांजराला कादंबरीत शेवटपर्यंत नाव मिळालं नाही. खरं मांजर १९०८च्या सप्टेंबरात वारलं, तेव्हा सोसेकींनी मित्रांना चक्क निधनाची कार्डं पाठवली. मजकूर असा: बरेच दिवस आजारी होतं, उपचारांचा उपयोग झाला नाही, काल रात्री केव्हातरी मागच्या कोठीतल्या चुलीवर त्याचं निधन झालं. रिक्षावाल्याला सांगून पेटीत घालून मागच्या अंगणात पुरलं आहे. मात्र मालक ‘सान्शिरो’ लिहिण्यात गुंतले असल्यामुळे अंत्ययात्रेस येण्याची तसदी घेऊ नये.

‘तसदी घेऊ नये’पाशी मी मोठ्याने हसलो. दुःख आहे, पण कादंबरीचा हप्ता द्यायचाय. वर्तमानपत्रासाठी लिहिणाऱ्या कुणालाही हे समजावून सांगावं लागणार नाही.

संग्रहालयाला लागून छोटी बाग आहे. तिथे मांजराच्या आठवणीचा दगडी स्तूप आहे. तोही युद्धात पडला आणि १९५३मध्ये पुन्हा उभा केला. घर उभं राहायला आणखी चौसष्ट वर्षं लागली. मांजराचा नंबर आधी लागला, हे सोसेकींना आवडलं असतं.

जाणार असाल तर सोमवार टाळा, त्या दिवशी बंद असतं. गुरुवारी उघडं असतं, आणि तीनची वाट बघावी लागत नाही.