कडक दाणा, पण धातूला धरून राहणारा

मार्च आला की आमच्या बेळगावच्या उद्यमबागेतल्या फाउंड्रीत इंजिनिअरिंगची मुलं प्रोजेक्टसाठी येतात. मागणी बहुतेक तीच असते: ॲल्युमिनियम वितळवून द्या, ताकद वाढावी म्हणून त्यात सिलिकॉन कार्बाइडची पूड ढवळतो, बार ओततो आणि ताणून बघतो. लॅब मी सांभाळते, म्हणून पहिलं बोलणं माझ्याशीच होतं. मी कुणाला परत पाठवत नाही. पण या पोरांनी सिलिकॉन कार्बाइडच्या पलीकडे, काचेसारख्या मिश्रधातूच्या दाण्याकडेही बघावं असं मला मनापासून वाटतं, म्हणून हे लिहितेय.

सिलिकॉन कार्बाइड कडक आहे, बाजारात सहज मिळतं. अडचण आहे ती सांध्याची. वितळलेलं ॲल्युमिनियम त्या कणांना नीट भिजवत नाही. कण रसात शिरत नाहीत, शिरले तर गुठळ्या करतात. भिजावेत म्हणून तापमान चढवलं की दोघांची प्रक्रिया होऊन ॲल्युमिनियम कार्बाइड तयार होतं. ते ठिसूळ असतंच, शिवाय ओलाव्याशी प्रक्रिया करून फुटत जातं. बेळगावच्या पावसाळ्यात राहिलेल्या माणसाला वेगळं सांगायला नको. आणखी एक म्हणजे गार होताना ॲल्युमिनियम दर अंशाला दहा लाखांत सुमारे २३ भाग आकसतं, सिलिकॉन कार्बाइड जेमतेम ४. दोघांच्या मधल्या सीमेवर हा सगळा ताण साठतो.

फळीतली गाठ बघा. लाकडाबरोबर वाढलेली गाठ रंधा मारला तरी हलत नाही. मेलेली गाठ वाळली की निखळते आणि फळीला भोक पडतं. दोन्ही गाठी कडकच असतात. धातूत भरलेल्या दाण्याचंही हेच आहे. तो किती कडक आहे याआधी, तो भोवतालच्या धातूशी कसा जोडला गेलाय हे विचारायला हवं.

इथे मला काचेसारख्या मिश्रधातूंचा दाणा आवडतो. हा दाणा मुळात धातूच असतो.

ग्रे आयर्न, म्हणजे करडं बीड, ओतण्याआधी आम्ही पाचरीच्या आकाराचा तुकडा ओतून, गार करून फोडतो आणि टोकाकडे कितपत पांढरं झालंय ते बघतो. टोक पातळ, पटकन गार होतं, तिथल्या कार्बनला ग्राफाइट व्हायला वेळ मिळत नाही. अर्थात ते पांढरं लोखंडही स्फटिकमयच असतं, म्हणजे त्याचे अणू रांगेत बसलेले असतात. पण गार होण्याचा वेग प्रचंड वाढवला, सेकंदाला दहा लाख अंशांच्या घरात नेला, तर अणूंना रांगेत बसायलाच वेळ मिळत नाही. रसात जसे अस्ताव्यस्त होते तसेच ते गोठतात. १९६० मध्ये कॅलटेकमध्ये पॉल डुवेझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सोनं-सिलिकॉनच्या मिश्रधातूवर हे करून दाखवलं. दिसायला धातूच, आतून काच.

सुरुवातीला नुसत्या पातळ फिती आणि पापुद्रे मिळायचे. पुढे जपानच्या तोहोकू विद्यापीठात अकिहिसा इनोउए यांनी वेगवेगळ्या आकाराच्या अणूंची तीन किंवा जास्त मूलद्रव्यं एकत्र घ्यायची वाट पक्की केली. १९९३ मध्ये पेकर आणि जॉन्सन यांनी झिर्कोनियम, टायटॅनियम, तांबं, निकेल आणि बेरिलियमची काच सेंटिमीटरमध्ये मोजता येईल इतकी जाड ओतली. तिला सेकंदाला एखाद अंशाचा वेगही पुरतो.

झिर्कोनियमच्या अशा काचेची ताकद १८०० ते २००० मेगापास्कलच्या आसपास असते. आमच्याकडे रोज येणाऱ्या ६०६१ टी६ जातीच्या ॲल्युमिनियमची साधारण ३००. मग अख्खा पार्टच काचेचा का करू नये? कारण एकट्या काचेला ताणलं की सगळी विकृती एका अरुंद पट्ट्यात गोळा होते आणि तुकडा अचानक तुटतो. तीच काच बारीक दाण्यांच्या रूपात मऊ ॲल्युमिनियममध्ये बसवली की भार दाण्यावर जातो आणि ताणला जाण्याचं काम ॲल्युमिनियम करतं. काचेचं प्रसरण सिलिकॉन कार्बाइडपेक्षा ॲल्युमिनियमला जवळचं असल्यामुळे सीमेवरचा ताणही कमी होतो.

आमच्या भट्टीवरच्या काकांना हे सांगत होते, तर त्यांनी नेमकं विचारलं, "मॅडम, हे पण ढवळूनच ओतायचं काय?"

"नाही की हो काका. ओतलं तर काच मरते."

ॲल्युमिनियम आपण ७००च्या वर ओततो. झिर्कोनियमच्या बऱ्याच काचा साडेतीनशे-चारशे अंशांना मऊ पडतात आणि आणखी थोड्या तापल्या की स्फटिक होऊन बसतात. या दोन तापमानांमधला पट्टा काही मिश्रधातूंत १०० अंशांहून रुंद असतो, काहींत फारच अरुंद. त्या पट्ट्यात काच घट्ट काकवीसारखी वाहते. दोन्ही पुडी मिसळून तिथेच गरम दाबली तर काच ॲल्युमिनियमच्या कणांमधल्या फटींत शिरते आणि पोकळ्या बुजतात. म्हणजे काम भट्टीचं नाही, पुडीचं आणि प्रेसचं. आमच्या गावाचा हात ओतकामावर बसलेला आहे, तरीही मला वाटतं हे शिकायला हवं.

दाणा निवडताना दुसरी बाजूही बघा. पार्ट वाकू नये, ताठ राहावा एवढंच हवं असेल तर सिलिकॉन कार्बाइडच घ्या. त्याचा यंग मॉड्युलस, म्हणजे ताठपणाचं माप, ४०० गिगापास्कलच्या वर जातो, झिर्कोनियमच्या काचेचा शंभरच्या आतबाहेर राहतो. वजनही आहे: ॲल्युमिनियमची घनता २.७, या काचेची सहाच्या वर. हत्तरगीला विमानाचे पार्ट बनवणारे याच गोष्टीला आधी हरकत घेतील. मशिन शॉपला मात्र आनंद होईल, कारण सिलिकॉन कार्बाइड हे मशिनच्या कापणाऱ्या टंगस्टन कार्बाइडच्या टोकापेक्षा, म्हणजे इन्सर्टपेक्षा, कडक असतं आणि धार खाऊन टाकतं. काच इन्सर्टपेक्षा बरीच मऊ.

मुलांना झिर्कोनियम परवडणार नाही. पण अमॉर्फस कोअरच्या ट्रान्सफॉर्मरमध्ये लोखंड-सिलिकॉन-बोरॉनची जी फीत असते, तीही काचच आहे, सुमारे २५ मायक्रॉन जाडीची, फिरत्या चाकावर रस सोडून बनवलेली. ती स्फटिक व्हायला साधारण ५०० अंशांचा सुमार लागतो. या फितीला मऊ पडायचा रुंद पट्टा नाही, त्यामुळे वाहायचं काम इथे ॲल्युमिनियमला करावं लागेल. बॉल मिलमध्ये दळा, चाळा, ॲल्युमिनियमच्या पुडीत मिसळा आणि ४००च्या आसपास दाबा. दाबण्याआधी एक्सआरडी (अणू रांगेत आहेत का ते क्ष-किरणांनी दाखवणारा आलेख) काढा, नंतरही काढा. काचेचा पसरट उंचवटा तसाच राहायला हवा. ॲल्युमिनियमची शिखरं सोडून नवीन टोकदार शिखरं उठली असतील तर तापमान उतरवा आणि नवीन पूड घेऊन पुन्हा दाबा.