आमची वाटचाल : बाजार मोठा झाला, काम बदललं

पंपाच्या फिरत्या शाफ्टपाशी पाणी गळू नये म्हणून मेकॅनिकल सील बसवतात. आम्ही ते बनवतो. सुरुवातीला गिऱ्हाईक मागेल तो साइज करायचो. एकेका साइजचे नग थोडेच, त्यामुळे सीएनसी या संगणकावर चालणाऱ्या मशीनचा बराच वेळ सेटिंगमध्ये, म्हणजे नव्या साइजसाठी जुळवण्यात जायचा. परराज्यात विकताना घेणाऱ्याकडून सी फॉर्म (कमी दरासाठीचा करफॉर्म) घेऊनही दोन टक्के केंद्रीय विक्रीकर लागायचा आणि घेणाऱ्याला त्याची वजावट मिळत नसे. तो टाळायला राज्याराज्यांत गोडाऊन ठेवून तिथूनच विकायचो, आणि प्रत्येक ठिकाणी थोडा थोडा माल पडून असायचा.

१ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि करासाठी ठेवलेली गोडाऊन बंद करता आली. देशभरची मागणी एका जागी दिसू लागली. चालणाऱ्या साइजचे मोठे लॉट एकाच सेटिंगवर निघू लागले. मशीन तीच, माणसं तीच, पण पाळीला निघणारे नग वाढले. याचं श्रेय मी एक झालेल्या बाजाराला देतो.

डोकं चालवायला लावलं ते आसियान कराराने, म्हणजे भारत आणि आग्नेय आशियातल्या देशांमधल्या मुक्त व्यापार कराराने. तो १ जानेवारी २०१० पासून लागू आहे, पण थायलंडमधल्या एका पंपनिर्मात्याची चौकशी आली तेव्हा आम्ही तो बारकाईने वाचला. सवलतीचं शुल्क हवं तर साधारणपणे एफओबी किमतीचा (माल जहाजावर चढेपर्यंतच्या किमतीचा) किमान ३५ टक्के भाग करारातल्या देशांत तयार झालेला लागतो. आम्ही सीलमधल्या सिलिकॉन कार्बाइड या कठीण पदार्थाच्या रिंगा चीनहून तयार लॅप केलेल्या, म्हणजे घासून सपाट केलेल्या आणत होतो. नगवार कॉस्टिंग मांडलं, तर किमतीचा मोठा भाग त्या रिंगांतच निघाला.

मग इथे तयार होणारा भाग वाढावा म्हणून लॅपिंग आमच्याच शेडमध्ये सुरू केलं. रिंगेवर ऑप्टिकल फ्लॅट (अगदी सपाट काचेची चकती) ठेवून हीलियमच्या दिव्याखाली धरली की काळ्या पट्ट्या उमटतात. एक पट्टी म्हणजे उंचीत ०.२९ मायक्रॉनचा फरक. पट्ट्या सरळ आणि समांतर दिसल्या तर रिंग सपाट, वाकल्या तर पुन्हा लॅपिंगला. हे वाचायला शिकलेल्या आमच्या पोरांनीच पुढे गढूळ पाण्यासाठी सील सुचवलं, ज्यात गाळ बसू नये म्हणून स्प्रिंग पाण्यापासून वेगळी ठेवली आहे.

करार दोन्ही बाजूंनी चालतो, तिकडचा मालही इकडे येतो. त्याला आमची हरकत नाही. लहान कारखान्यांना हवी आहे ती परवडणारी चाचणी सोय, जिचा अहवाल परदेशातला ग्राहकही मान्य करेल. तोवर प्रत्येक नव्या ग्राहकासाठी तीच चाचणी आम्ही पुन्हा करून देतो.