वॉरंटी संपून 59 दिवस

नाशिकला एका कार डीलरकडे मी सर्व्हिस अॅडव्हायझर आहे, नऊ वर्षं झाली. गेल्या पावसाळ्यात एका सकाळी टो करून एक गाडी आली, सोबत रिटायर्ड शिक्षक काका, मोहदरी घाटात गाडीने गिअरच सोडला म्हणाले. दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालेलं म्हणून ग्रॅच्युइटीतून मुद्दाम ऑटोमॅटिक घेतलेली, ड्युअल क्लचवाली. स्कॅनर लावला, हायड्रॉलिक प्रेशरचा कोड आला आणि मी मनात म्हटलं गेलं मेकाट्रॉनिक. म्हणजे गिअर बदलणारा भाग, पंप, व्हॉल्व, इलेक्ट्रॉनिक्स सगळं एकाच युनिटमध्ये, आमच्याकडे ते अख्खंच बदलतात, एस्टिमेट 1,90,000. आणि वॉरंटी संपून 59 दिवस झालेले.

या मॉडेलला हा प्रॉब्लेम येतो हे वर्कशॉपमध्ये सगळ्यांना माहीत, कंपनीचं टेक्निकल बुलेटिनसुद्धा आलेलं. पण बुलेटिन म्हणजे वर्कशॉपसाठीची सूचना, गाड्या परत बोलावून फुकट दुरुस्त करायचा रिकॉल नाही, ते कस्टमरला कुणी दाखवत नाही. मॅनेजर म्हणाले, पेड जॉब करा.

काकांनी निळी प्लास्टिकची फाइल उघडली, प्रत्येक सर्व्हिसचं जॉब कार्ड तारखेप्रमाणे लावलेलं. 14 महिन्यांपूर्वीच्या कार्डावर लिहिलं होतं, पहिल्या-दुसऱ्या गिअरला झटका बसतो. खाली रिमार्क, टेस्ट ड्राइव्ह घेतली, नॉर्मल आहे. सही माझी. बराच वेळ मी त्या सहीकडेच बघत राहिलो, कारण तेव्हा संध्याकाळचे सहा वाजले होते आणि मी फक्त कंपाउंडला एक चक्कर मारून गाडी परत दिली होती. त्याच दिवशी कोड चेक केले असते तर कदाचित सगळं वॉरंटीतच झालं असतं.

गुडविल म्हणून एक प्रकार असतो, वॉरंटीनंतरही कंपनी पूर्ण किंवा अर्धा खर्च उचलते, पण मागितल्याशिवाय मिळत नाही आणि बघतात काय तर सगळ्या सर्व्हिस ऑथोराइज्ड सेंटरला झाल्यात का, किलोमीटर किती, आणि तक्रार वॉरंटीत असताना लेखी नोंदवली होती का. तिन्ही गोष्टी काकांकडे होत्या. क्लेम टाकला, दुपारी रिजेक्ट, आउट ऑफ वॉरंटी, एवढंच.

मग काकांना माझ्या टेबलाशीच बसवून कंपनीच्या कस्टमर केअरला मेल लिहायला लावला, जॉब कार्डचे नंबर, तारखा, कोडच्या प्रिंटचा फोटो, सगळं टाकून. शेवटी एक ओळ, नाहीतर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. ती नुसती धमकी नव्हती, दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते आणि 1915 या राष्ट्रीय हेल्पलाइनवर आधी विचारता पण येतं, तेही मी सांगितलं. मॅनेजर काचेतून बघत होते. बघू दे म्हटलं. मग कंपनीच्या एरिया सर्व्हिस मॅनेजरला फोन लावला आणि स्वच्छ सांगितलं, सर वॉरंटीतल्या कार्डावर माझी सही आहे, आयोगात हा कागद गेला तर मी खोटं बोलणार नाही.

पावणेसहाला मेल आला. पार्ट 100 टक्के कंपनीचा, लेबर 14 हजार कस्टमरचं. माझ्या मते लेबरपण माफ व्हायला हवं होतं, चूक आमची होती, पण काका म्हणाले राहू दे रे बाळा.

आठ दिवसांनी डिलिव्हरी घेताना त्यांनी चष्मा लावून नवीन कार्ड सगळं वाचलं आणि सही करायच्या आधी म्हणाले, डाव्या दाराचा आवाज येतो, तो यात लिही आधी.